मार्शिया ग्रिफिथ्स यांचे नाव घ्यायला हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बॉब मार्ली यांच्या स्मृतिदिनानिमित्त आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत आलेला लेख मी आवडीने वाचला. मराठीत रेगे या जमैकन संगीतप्रकाराविषयी इतक्या विस्ताराने क्वचितच छापून येते, म्हणून लेखकाचे आणि आपलेही आधी आभार मानतो. मात्र त्या लेखात मार्लींच्या वाद्यवृंदाचे वर्णन करताना ‘मागे कोरस देणाऱ्या तीन स्त्रिया’ एवढाच उल्लेख आला आणि त्या तिघींची नावे कुठेच आली नाहीत. गिटारवादकाचे, ढोलवादकाचे, इतकेच काय पण ध्वनिमुद्रण कंपनीच्या मालकाचेही नाव ज्या लेखात आहे, त्यात रीटा मार्ली, जुडी मोवॅट आणि मार्शिया ग्रिफिथ्स ही तीन नावे नसावीत, याची रुखरुख लागून राहिली आणि म्हणून हे पत्र लिहीत आहे. तिघींपैकी मी प्रामुख्याने मार्शिया ग्रिफिथ्स यांच्याविषयी लिहिणार आहे, कारण त्यांची कारकीर्द सर्वांत प्रदीर्घ आहे आणि ‘मागे गाणारी’ हे वर्णन किती अपुरे आहे, हे त्या कारकिर्दीवरून सर्वांत स्पष्टपणे दिसते.

मार्शिया यांचा जन्म २३ नोव्हेंबर १९४९ रोजी जमैकाची राजधानी किंग्स्टन येथे झाला. १९६४ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, बायरन ली यांच्या ‘ड्रॅगनेअर्स’ या त्या काळातील आघाडीच्या वाद्यवृंदाबरोबर त्या प्रथम रंगमंचावर गायल्या. जमैका स्वतंत्र होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती आणि तेथील लोकप्रिय संगीताचा प्रकार होता स्का. लवकरच क्लेमंट डॉड यांच्या ‘स्टुडिओ वन’ने त्यांना आपल्याकडे घेतले. ब्रेंटफर्ड रोडवरील हा स्टुडिओ म्हणजे जमैकन संगीताची पाठशाळाच होती. दिवसभर तालमी चालत, अनेक गायक आणि गायकत्रयी तेथे ये-जा करीत आणि एकाने मांडलेल्या चालीला दुसऱ्याने सूर देणे हा तेथील रोजचा परिपाठ होता. मार्शिया यांनी सुरुवातीच्या काळात तेथे अनेक पुरुष गायकांबरोबर युगुलगीते गायली. त्यांत खुद्द बॉब मार्लीही होते. म्हणजे मार्ली आणि मार्शिया यांची गाण्यातील ओळख पुढच्या जगप्रसिद्ध दौऱ्यांपेक्षा कितीतरी जुनी होती आणि त्या ओळखीत दोघेही बरोबरीने माइकसमोर उभे होते.

१९६६ ते १९६८ या काळात स्काची धावती लय मंदावली आणि रॉकस्टेडी हा प्रकार पुढे आला. लय मंदावली तशी बासगिटारला स्वतःची चाल वाजवायला मोकळीक मिळाली, ब्रासवाद्यांचा गजर ओसरला आणि मानवी आवाजांसाठी जागा झाली. जमैकातील तीन आवाजांचे गट याच काळात बहरले. याच काळाच्या अखेरीस, १९६८ साली, मार्शिया यांचे ‘फील लाइक जम्पिंग’ हे गाणे आले आणि त्या एकल गायिका म्हणून घराघरांत पोहोचल्या. त्या वेळच्या त्यांच्या बहुतेक गाण्यांमागे बॉब अँडी यांची लेखणी होती. ‘ट्रूली’, ‘मेलडी लाइफ’ ही गाणी आजही जमैकन संगीताच्या कोणत्याही निवडीत असतात, कारण त्यांतील चाली सोप्या असल्या तरी त्यांची बांधणी पक्की आहे आणि त्यांवर गाणारा आवाज तरुण असूनही कुठे घाई करीत नाही.

बॉब अँडी आणि मार्शिया या जोडीने १९७० साली ‘यंग, गिफ्टेड अँड ब्लॅक’ हे अमेरिकी गायिका नीना सिमोन यांचे गाणे रेगेच्या लयीत गायले. हॅरी जॉन्सन यांनी निर्मिलेल्या या ध्वनिमुद्रणावर ब्रिटनमध्ये तंतुवाद्यांची साथ चढवण्यात आली आणि ते ब्रिटिश क्रमवारीत पाचव्या स्थानापर्यंत गेले. पुढच्याच वर्षी त्यांचे ‘पाइड पायपर’ अकराव्या स्थानावर पोहोचले. या तारखा मी मुद्दाम देत आहे. बॉब मार्ली यांचे गाणे ब्रिटिश क्रमवारीत पहिल्यांदा आले ते १९७५ साली आणि तेही बाविसाव्या स्थानापर्यंत. म्हणजे मार्लींच्या साथीला उभ्या राहण्याच्या चार वर्षे आधी मार्शिया यांनी ज्या ठिकाणी पाऊल ठेवले होते, तेथे मार्ली अजून पोहोचायचे होते. अशा गायिकेला ‘मागे कोरस देणारी’ म्हटले की इतिहासाचा क्रमच उलटा होतो.

‘आय-थ्रीज’ या त्रयीचा जन्मही याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १९७४ साली मार्शिया किंग्स्टनमधील एका क्लबमध्ये स्वतःचे कार्यक्रम करीत होत्या आणि आपल्या गाण्याला साथ द्यायला त्यांनी जुडी मोवॅट आणि रीटा मार्ली यांना बोलावले. या तिघी पहिल्यांदा एकत्र उभ्या राहिल्या त्या मार्शिया यांच्या गाण्यासाठी. त्या तिघींचे सूर जुळलेले पाहून मार्लींनी त्यांना आपल्याकडे बोलावले, कारण त्यांना त्या वेळी अशा सुरांची निकड होती. मार्लींचा ‘वेलर्स’ हा मुळात सामूहिक गायनाचा गट होता. १९६४ च्या सुमारास त्यात ज्युनिअर ब्रेथवेट, बेव्हर्ली केल्सो आणि चेरी स्मिथ हेही होते आणि किंग्स्टनच्या ट्रेंच टाउन या वस्तीत गायक जो हिग्ज यांनी या तरुणांकडून तासन् तास सूर घोटून घेतले होते. पुढे बॉब, पीटर टॉश आणि बनी वेलर हे तिघेच उरले. १९७३ साली बनी यांनी परदेश दौऱ्यांना नकार दिला आणि अमेरिकेच्या दौऱ्यात त्यांच्या जागी स्वतः जो हिग्ज यांना उभे राहावे लागले. त्यानंतर टॉशही बाहेर पडले. दोन सख्ख्या आवाजांनी रिकामी केलेली ती जागा १९७४ च्या ‘नॅटी ड्रेड’ या अल्बमपासून या तीन स्त्रियांनी भरून काढली. ती जागा भरली गेली नसती, तर मार्लींचा एकटा आवाज जगाला इतका भावला असता का, याविषयी मला शंका आहे.

येथे हार्मनीविषयी थोडे तपशिलात लिहितो, कारण आपल्या रागसंगीतात एका वेळी एकच स्वरपंक्ती चालते आणि म्हणून हार्मनी गाणाऱ्यांचे काम आपल्याकडे सहज दुय्यम मानले जाते. मुख्य आवाज षड्जावर असेल, तर दुसरा गंधारावर आणि तिसरा पंचमावर, अशी साधारण मांडणी मनात आणावी. चाल पुढे सरकली की हे सगळे आवाज आपापले अंतर राखून एकत्र सरकतात आणि ते अंतर रेसभरही ढळले तर कानाला तत्काळ खटकते. मुख्य गायकाला शब्द मागेपुढे ओढण्याची, एखादी ओळ अर्धवट सोडण्याची मुभा असते, पण हार्मनी गाणाऱ्यांना ती नसते. तिघींनी एकाच क्षणी श्वास घ्यायचा, स्वराचा आकार सारखा ठेवायचा आणि ओळीच्या शेवटचे व्यंजन एकाच वेळी तोडायचे, हे वर्षानुवर्षे रोज रात्री करणे ही मोठी साधना आहे. रेगेमध्ये तर हे काम आणखी नाजूक होते. गिटार आणि ऑर्गन ठोक्याच्या मधल्या जागी वाजतात, ‘वन ड्रॉप’ या ठेक्यात पहिली मात्रा ढोलवादक चक्क मोकळी सोडतो आणि चालीचा मोठा भार बासगिटार उचलते. या विरळ विणीत साथीचे आवाज उघडे पडतात आणि झालेली चूक झाकायला तेथे काहीच नसते.

आपल्याकडे पोवाड्यात शाहिराच्या मागे झील धरणारे झीलकरी असतात. शाहीर थांबतो तेव्हा कवनाचा जोर ते टिकवतात आणि त्यांनी उचललेल्या ओळीमुळे श्रोत्यांनाही आपण त्या कथनात सामील आहोत असे वाटते. आय-थ्रीज यांचे काम याच्याशी बरेच जुळते. मार्ली एखादी तक्रार, एखादी भविष्यवाणी किंवा प्रार्थना मांडतात आणि या तिघी तिला समूहाची संमती देतात. त्यामुळे एका माणसाचे म्हणणे एका समाजाचे म्हणणे होते. ‘रास्तामॅन व्हायब्रेशन’ (१९७६), ‘एक्झोडस’ (१९७७), ‘काया’ (१९७८), ‘सर्व्हायव्हल’ (१९७९) आणि ‘अपरायझिंग’ (१९८०) हे अल्बम केवळ या तीन आवाजांकडे लक्ष ठेवून पुन्हा ऐकावेत, अशी माझी वाचकांना विनंती आहे. ११ मे १९८१ रोजी मार्ली गेले. त्यांच्या पश्चात १९८३ साली त्यांची राहिलेली गाणी अल्बमरूपाने काढताना त्यांतील काही गाण्यांवर आय-थ्रीज यांचे सूर मागाहून चढवण्यात आले. या तिघींशिवाय ती गाणी अपुरी वाटतील, हे ती करणाऱ्यांना नेमके ठाऊक होते.

आता मार्शिया यांच्या एकल ध्वनिमुद्रणांकडे वळतो. मार्लींबरोबरच्या दौऱ्यांच्या ऐन धामधुमीतच त्यांचे सर्वोत्तम एकल काम झाले, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. १९७८ साली ‘नॅचरली’ आणि १९७९ साली ‘स्टेपिन’ हे त्यांचे दोन अल्बम ‘हाय नोट’ या संस्थेतर्फे निघाले आणि दोन्हींच्या निर्मात्या होत्या सोनिया पॉटिंजर. जमैकाच्या ध्वनिमुद्रण व्यवसायात निर्माते म्हणजे पुरुष हे जवळजवळ गृहीतच होते. अशा काळात पॉटिंजर यांनी साठच्या दशकापासून स्वतःचे लेबल चालवले, पुढे ड्यूक रीड यांच्या ‘ट्रेझर आयल’ची सूत्रेही हाती घेतली आणि रूट्स, म्हणजे सामाजिक-धार्मिक आशयाचे रेगे, गाणाऱ्या ‘कल्चर’ या गटाचे महत्त्वाचे अल्बम निर्माण केले. निर्माती स्त्री आणि गायिकाही स्त्री, असा योग त्या काळी दुर्मीळ होता आणि माझ्या मते त्याचा परिणाम या अल्बममध्ये ऐकू येतो. कुठेही गायिकेला लाडिक करण्याचा प्रयत्न नाही आणि आवाज मिश्रणाच्या मधोमध, भरभक्कम ठेवलेला आहे.

‘नॅचरली’मध्ये मार्शिया यांनी आपली दहा वर्षांपूर्वीची स्टुडिओ वनमधील गाणी पुन्हा गायली. ‘फील लाइक जम्पिंग’ची १९६८ ची आणि १९७८ ची अशी दोन्ही ध्वनिमुद्रणे एकापाठोपाठ ऐकली की एका गायिकेच्या वाढीचा आलेखच समोर येतो. पहिल्यात अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीचा उसळता आनंद आहे. दुसऱ्यात लय खाली आलेली आहे, बास जड आहे आणि आवाज त्यावर विसावून, प्रत्येक शब्दाला पुरेसा वेळ देत जातो. साथीच्या गायनाने शिकवलेला संयम या एकल गायनात उतरला आहे, असे मला ठामपणे वाटते. याच अल्बममधील ‘ड्रीमलँड’ हे गाणे तर मला त्यांच्या सगळ्या कामांत सर्वांत प्रिय आहे. हे गाणे वेलर्सच्या काळात बनी वेलर गात असत आणि १९७६ च्या ‘ब्लॅकहार्ट मॅन’ या आपल्या पहिल्या एकल अल्बममध्येही त्यांनी ते घेतले. समुद्रापलीकडच्या मातृभूमीची ओढ हा त्याचा विषय आहे. बनी यांच्या आवाजात ती ओढ प्रार्थनेसारखी येते, तर मार्शिया यांच्या आवाजात ती ठरवून टाकलेल्या प्रवासासारखी येते.

बनी आणि मार्शिया यांचे हे नाते पुढेही टिकले. ज्यांच्या जाण्याने वेलर्समध्ये हार्मनीची जागा रिकामी झाली आणि ज्यांच्या येण्याने ती भरली, त्या दोघांनी मिळून मार्शिया यांच्या एकल कारकिर्दीतील सर्वांत मोठे यश घडवले. ‘इलेक्ट्रिक बूगी’ हे गाणे बनी वेलर यांनी लिहिले आणि ऐंशीच्या दशकाच्या आरंभी मार्शिया यांनी ते गायले. जमैकात ते लगेच गाजले. अमेरिकेत मात्र ते रुजले ते ‘इलेक्ट्रिक स्लाइड’ या रांगेने करायच्या नृत्यामुळे आणि १९८९ साली नव्या मिश्रणासह पुन्हा प्रकाशित झाल्यावर ते तेथील मुख्य क्रमवारीत ५१ व्या स्थानापर्यंत गेले. आजही अमेरिकेतील कृष्णवर्णीय कुटुंबांच्या लग्नांत आणि मेळाव्यांत त्या नृत्याची रांग हमखास लागते. मला स्वतःला हे गाणे त्यांच्या श्रेष्ठ गाण्यांपैकी वाटत नाही आणि त्याच्या यशानंतर १९९० मध्ये आलेला ‘कॅरोसेल’ हा अल्बम तर फारच चकचकीत आहे. त्यात यंत्रांचा दिमाख पुढे येतो आणि गायिकेचे मोठेपण मागे पडते. परंतु ज्या गायिकेला वाचक केवळ मार्लींच्या छायाचित्रांतून ओळखतात, तिच्या आवाजावर एका देशातील तीन पिढ्या नाचल्या आहेत, हे सांगितल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही.

याच सुमारास डोनोव्हन जर्मेन या निर्मात्याच्या ‘पेंटहाउस’ या संस्थेशी त्यांचा दीर्घ संबंध जुळला. रेगे तोवर संगणकीय ठेक्यांवर गेले होते आणि आधीच्या पिढीतील अनेक गायक त्या बदलात बाजूला पडले होते. मार्शिया पडल्या नाहीत. बॉब अँडी यांचे ‘फायर बर्निंग’ त्यांनी नव्या ठेक्यावर इतक्या ताकदीने गायले की अनेक तरुण श्रोत्यांना ते मूळचे त्यांचेच वाटते. १९९३ चा ‘इंडॉमिटेबल’, २०१२ चा युगुलगीतांचा ‘मार्शिया ग्रिफिथ्स अँड फ्रेंड्स’ आणि २०१९ चा ‘टाइमलेस’ ही या प्रवासातील प्रमुख नावे. ‘टाइमलेस’ आला तेव्हा त्या सत्तरीच्या उंबरठ्यावर होत्या. रंगमंचावरील पहिल्या दिवसापासून मोजले, तर १९६४ मधला स्का, नंतरचा रॉकस्टेडी, सत्तरच्या दशकातील रूट्स, ऐंशी-नव्वदच्या दशकांतील डान्सहॉल या संगणकीय ठेक्यांच्या प्रकाराचा काळ आणि त्यापुढचे सारे, असा जमैकन संगीताचा अखंड प्रवास एकाच गळ्यातून झालेला आहे. मार्लींबरोबरची सात वर्षे हा त्यातील एक तेजस्वी टप्पा खरा, परंतु तो एकूण काळाचा फार लहान भाग आहे.

उरलेल्या दोघींविषयीही चार ओळी लिहिणे न्याय्य होईल. रीटा मार्ली यांचा जन्म क्यूबातील सांतियागो येथला. ‘सोलेट्स’ या गटातून त्या गाऊ लागल्या आणि डिसेंबर १९७६ मध्ये मार्लींच्या घरावर झालेल्या हल्ल्यात डोक्याला गोळी लागूनही दोनच दिवसांनी ‘स्माइल जमैका’ या कार्यक्रमात त्या गायला उभ्या राहिल्या. जुडी मोवॅट या मूळच्या ‘गेलेट्स’ या मुलींच्या त्रयीतील गायिका. त्यांचा ‘ब्लॅक वुमन’ हा अल्बम, जो त्यांनी सत्तरचे दशक सरता सरता स्वतः निर्मिला, तो अल्बम म्हणून मार्शिया यांच्या कोणत्याही अल्बमपेक्षा सरस आहे, असे माझे मत आहे. रास्ताफारी या जमैकन धार्मिक चळवळीच्या विचारात माणसाच्या मुक्तीची भाषा खूप होती, पण त्यात स्त्रीचे स्थान बहुधा पुरुषाच्या आड असे. जुडी यांनी गुलामगिरीच्या काळापासून कृष्णवर्णीय स्त्रीने वाहिलेले ओझे हाच शीर्षकगीताचा विषय केला आणि तो कुणा पुरुषाच्या तोंडून न वदवता स्वतः गायला. ग्रॅमी पुरस्कारांत रेगेसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाल्यावर लगेच दुसऱ्या वर्षी त्यांच्या ‘वर्किंग वंडर्स’ला नामांकन मिळाले आणि त्या विभागात नामांकन मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

युनेस्कोने २०१८ साली जमैकाच्या रेगे संगीताचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. गोव्यातही रेगेला वाहिलेला ‘गोवा सनस्प्लॅश’ हा महोत्सव भरू लागला आणि मुंबई-पुण्याकडची तरुण मंडळी तेथे जाऊ लागली. म्हणजे मराठी वाचकांत या संगीताविषयी कुतूहल आहे आणि ते वाढत आहे. अशा वेळी एका थोर माणसाच्या छायाचित्राभोवतीच हे कुतूहल फिरत राहू नये, याची जबाबदारी लेखकांवर आणि संपादकांवर येते. मार्लींविषयी पुन्हा लिहिले जाईल तेव्हा त्या तिघींना नावानिशी उल्लेखावे, आणि शक्य झाल्यास सोनिया पॉटिंजर यांनाही. गेल्या काही वर्षांत या मंडळींपैकी अनेक जण आपल्यातून गेले. बॉब अँडी मार्च २०२० मध्ये आणि बनी वेलर मार्च २०२१ मध्ये गेले. मृत्युलेखाच्या निमित्ताने ओळख करून देण्यापेक्षा कलावंतांच्या हयातीत त्यांच्या कामाची दखल घेतलेली केव्हाही चांगली, म्हणून ही विनंती थोड्या आग्रहाने करीत आहे.

पत्र बरेच लांबले, याची मला कल्पना आहे आणि जागेअभावी ते संक्षिप्त करावे लागले तरी माझी हरकत नाही. मात्र तिघींची नावे आणि १९७४ पूर्वीची मार्शिया यांची कारकीर्द हा भाग कृपया गाळू नये. पुरवणीत पुढे जागा होईल तेव्हा ‘नॅचरली’ आणि ‘ब्लॅक वुमन’ या दोन अल्बमवर जाणकारांकडून स्वतंत्र लेख लिहवून घ्यावेत, अशी सूचनाही करतो.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली